प्लास्टर की बूट: करंगळीमागच्या हाडातला दीड सेंटीमीटर

जुलैतली गोष्ट आहे. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेर आले तर पाऊस असा की छत्री असून खांद्यापर्यंत भिजले, रिक्षाच्या लाइनकडे घाईघाईत निघाले होते, कडेचा एक पेव्हर ब्लॉक खचलेला आणि त्यावर पाणी साचलेलं, तो काही दिसला नाही आणि डावा पाय आतल्या बाजूला मुडपला. कट्ट असा बारीक आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. एका कॉलेजच्या मुलीने हात देऊन उभं केलं. रिक्षा समोर चार पावलांवर होती, पण ती चार पावलं काही मला टाकवेनात.

ही चार पावलं मुद्दाम सांगतेय. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक साधा नियम मांडला होता, पाय मुरगळून आलेल्या माणसाचा एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवायला, आणि तो आता जगभर वापरतात. त्यात एक प्रश्न हाच असतो, की पडल्यावर लगेच आणि दवाखान्यात आल्यावर माणसाला चार पावलं टाकता येतात का. दुसरा म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपासून मागे बोट फिरवत आणलं की साधारण मध्यावर एक टेंगूळ हाताला लागतं, तिथे दाबल्यावर दुखतं का. (पायाच्या आतल्या कडेला आणि घोट्याच्या दोन्ही हाडांनासुद्धा असंच दाबून बघतात.) माझी चार पावलंही गेली आणि ते टेंगूळ तर हात लावू देत नव्हतं, त्यामुळे हे नुसतं मुरगळणं नाही हे मला रिक्षातच कळून चुकलं.

घरी आले तर सासूबाईंनी लगेच सहाण काढली, आंबेहळद उगाळून लेप लावू म्हणाल्या, शेजारच्या काकू म्हणाल्या जरा चोळून घे गरम तेलाने, रात्रीत उतरेल. मी दोन्हीला नाही म्हटलं. लेपाने काही बिघडलं नसतं कदाचित, पण चोळायचं नाही हे मात्र पक्कं होतं. रात्रीच जवळच्या हॉस्पिटलात गेलो, एक्स-रे काढला, तिथल्या तरुण डॉक्टरने कच्चं प्लास्टर घातलं आणि उद्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं.

कच्चं प्लास्टर म्हणजे स्लॅब. गोल गुंडाळलेलं नसतं, पोटरीच्या मागून तळपायापर्यंत पन्हाळीसारखं अर्धं असतं आणि वरून बँडेजची पट्टी. पहिले काही दिवस सूज वाढत असते, तिला जागा हवी म्हणून असं घालतात, पक्कं गोल प्लास्टर लगेच घातलं तर आत पाय आवळला जायची भीती असते. ओल्या पट्ट्या बादलीतून काढून पायाला लावल्या तेव्हा गार लागल्या आणि मग हळूहळू आतून ऊब यायला लागली, भाकरीच्या फडक्याला असते तशी. मी दचकले, तर तो म्हणाला घाबरू नका, प्लास्टर सेट होताना गरम होतंच. जिप्सम भाजून त्यातलं पाणी काढून टाकलेलं असतं, परत पाणी मिळालं की ते पुन्हा दगड होतं आणि होताना उष्णता सोडतं. नेदरलँड्समधल्या मॅथायसन नावाच्या लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये ही पट्टीची युक्ती छापून प्रसिद्ध केली, म्हणजे पावणेदोनशे वर्षं होत आली आणि पद्धत मुळात तीच आहे. खोलीत ओल्या चुन्यासारखा वास पसरला होता. पाय जड झाला, पण एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, ठणका निम्मा झाला. हाड हललं नाही की दुखत नाही हे तेव्हा अंगाला कळलं.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा करून बघितला, स्लॅब सोडून पाय बघितला, आणि म्हणाल्या, "पाचवं मेटाटार्सल आहे, बुडाशी मोडलंय. प्लास्टर नको. शॉर्ट वॉकर बूट घ्या, सोसेल तेवढा भार टाकून चाला, सहा आठवडे."

पाचवं मेटाटार्सल म्हणजे करंगळीमागचं हाड आणि वॉकर बूट म्हणजे बाहेरून कडक कवचाचा, पट्ट्यांनी बांधायचा आणि काढता येणारा बूट.

आणि मी म्हटलं, "नको मॅडम, मला प्लास्टरच घाला."

त्या बघतच राहिल्या. लोक प्लास्टर नको म्हणून गयावया करतात आणि ही बाई उलटं मागतेय. नवरा पण म्हणाला अगं बूट चांगला की, काढता तरी येईल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, दोन वर्षांपूर्वी मी माझ्या भावाला म्हटलं होतं.

भाऊ कोल्हापूरला असतो. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, फुटबॉलवेडा, म्हणजे कोल्हापुरात हे काही वेगळं सांगायला नको, तिथे पेठेपेठेतल्या तालमींचे संघ आहेत आणि मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियमवर उभं राहायला जागा नसते. सरावात वळताना त्याचा पाय मुडपला, एक्स-रेत पाचवं मेटाटार्सल आलं. डॉक्टरांनी फायबरचं प्लास्टर घातलं, गुडघ्याखाली, आणि बजावलं की सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, कुबड्यांवरच चालायचं. मे महिना होता. आत घाम, खाज, झोप नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, "ताई, कंटाळा आलाय गं, लई खाजतंय, एक मित्र म्हणतोय त्याच्याकडं तो बूट पडलाय." मी तेव्हा नेटवर चार ठिकाणी वाचलं होतं की हल्ली सगळे बूटच घालतात, प्लास्टर जुनं झालं, आणि मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं की घे की मग बूट, चांगला, काढता तरी येईल.

त्याने प्लास्टर दुसरीकडे जाऊन कापून घेतलं, मित्राचा बूट चढवला आणि आठवड्याभरात दुकानावर जायला लागला. दुखत होतं थोडं, पण चालता येतंय म्हणजे बरं होतंय असं त्यालाही वाटलं आणि मलाही. चौथ्या महिन्यात एक्स-रे काढला तर मोडलेली रेघ तशीच, उलट रेघेच्या दोन्ही कडा पांढऱ्याफटक आणि कठीण झालेल्या. हाडाने जुळायचा प्रयत्न सोडून दिल्याची ती खूण असते असं डॉक्टर म्हणाले. मग ऑपरेशन, हाडाच्या आतून लांबीला एक स्क्रू, परत कुबड्या, पूर्ण सीझन गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी कोल्हापूरला गेले होते, तो मला एका शब्दाने बोलला नाही, उलट म्हणाला ताई जेवलीस का. त्यानेच मला जास्त लागलं.

तर हे सगळं मी त्या डॉक्टर मॅडमना रडत रडत सांगितलं. हाड तेच, पाचवं मेटाटार्सल, मग मला बूट कसा काय चालेल. त्यांच्या बाहेर पेशंटची रांग होती तरी त्यांनी केस पेपर उलटा केला आणि पेनने ते हाड काढून दाखवलं. त्या दहा मिनिटांत जे कळलं ते मला दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

पाचवं मेटाटार्सल म्हणजे करंगळीच्या मागचं लांब हाड. त्याचं बूड म्हणजे ते टेंगूळ. पोटरीच्या बाहेरच्या बाजूने एक स्नायू खाली येतो, त्याची दोरी घोट्यामागून वळून या टेंगळाला येऊन बांधली जाते, आणि तळपायाचा एक जाड पट्टाही तिथेच धरलेला असतो. पाय आत मुडपला की ही दोरी आणि तो पट्टा जोरात ओढले जातात आणि टेंगळाचा टवका निघतो. माझं हे झालं होतं. या जागी रक्तपुरवठा भरपूर, हाड मऊसर, टवका फार लांब सरकलेला नसेल तर ते बहुतेक वेळा आपलं आपण जुळतं, त्याला फक्त थोडा आधार आणि वेळ लागतो. यासाठी बूट घाला, कडक तळाची चप्पल घाला, काहींना तर नुसत्या पट्टीवरसुद्धा भागतं. उलट प्लास्टरमध्ये बांधून ठेवलं तर घोटा आखडतो, पोटरी वाळते आणि कामावर परतायला जास्त दिवस लागतात.

भावाचं त्याच हाडावर होतं, पण टेंगळापासून साधारण दीड सेंटीमीटर पुढे, जिथे बूड संपून हाडाची दांडी सुरू होते तिथे. याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. रॉबर्ट जोन्स हे लिव्हरपूलचे हाडांचे नामांकित डॉक्टर, नाचताना त्यांचाच पाय मुडपला आणि हेच हाड मोडलं, आणि त्यांनी १९०२ मध्ये स्वतःचं आणि आणखी काही पेशंटचं मिळून त्यावर लिहिलं. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. त्याआधी असे कितीजण पाय मुरगळलाय म्हणून लंगडत राहिले असतील कोण जाणे.

आता या दीड सेंटीमीटरने एवढा फरक का पडतो. माझ्या आजोळी शेत कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला आहे. वरच्या गावांना पाणी भरपूर, आमच्यापर्यंत येताना धार बारीक होते, कधी येते कधी येत नाही. मॅडमनी रक्तवाहिन्या काढून दाखवल्या तेव्हा मला तेच आठवलं. एक रक्तवाहिनी दांडीच्या मध्यातून आत शिरून मागे येते, बुडाकडून बारीक बारीक दुसऱ्या येतात, आणि या दोन्हींचा टेल नेमका तिथे, जोन्सच्या जागी. रक्त कमी म्हणजे जुळायला सामान कमी, त्यात प्रत्येक पावलाला तिथे वाक बसतो. म्हणून पाय टेकवू नका म्हणतात. आणि तंबाखू, सिगारेट असेल तर आधीच बारीक असलेली धार आणखी आटते, भावाची मळायची सवय होती, ती ऑपरेशनच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा बंद करायला लावली.

मी विचारलं, मग त्याने प्लास्टर ठेवलं असतं तर नक्की जुळलं असतं ना. त्या म्हणाल्या नक्की असं नाही म्हणता येणार, नीट प्लास्टर ठेवूनसुद्धा हे हाड कधीकधी दगा देतं, म्हणूनच खेळाडूंना बरेच डॉक्टर सुरुवातीलाच स्क्रू सुचवतात. आणि पुढे म्हणाल्या, "तुम्ही दोघं प्लास्टर आणि बुटात अडकलात. काही डॉक्टर जोन्सलासुद्धा बूट देतात, पण पाय न टेकवता. आधी विचारायचं की भार टाकायचा का नाही, मग विचारायचं की कशात ठेवायचा."

हे वाक्य मी घोकत घरी आले. बूट म्हटलं की आपल्या डोक्यात चालणं येतं, त्याचं नावच वॉकर बूट, पण पायात बूट आहे म्हणजे चालायची परवानगी आहे असं नसतं आणि प्लास्टर आहे म्हणजे कधीच टेकवायचा नाही असंही नसतं, काही प्लास्टरला खाली टाच बसवून त्यावर चालायला लावतात. भावाची चूक बूट घालण्याची नव्हती एवढी, त्यात घालून चालण्याची होती. आणि त्याला काही सांगण्याआधी मी त्याच्या डॉक्टरांना फोन करायला हवा होता, माझ्या मनाने सांगायला नको होतं.

तर मी बूट घेतला. दुकानदाराने आधी गुडघ्यापर्यंतचा उंच दिला, म्हणाला हाच चालतो सगळ्याला. चिठ्ठीवर शॉर्ट लिहिलेलं दाखवल्यावर बदलून दिला. घोट्याच्या फ्रॅक्चरला उंच लागतो, पावलाच्या पुढच्या भागाला बऱ्याचदा छोट्यावर भागतं आणि तो बराच हलका पडतो, आणि आमच्याकडे तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, त्यामुळे वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो. बत्तीसशे रुपये गेले. कच्च्या प्लास्टरच्या मानाने महाग आहे, हे खरंय, पण प्लास्टर बदलायला दर वेळी रिक्षा करून जाण्याचा खर्च धरला तर फार फरक उरत नाही.

हा बूट कसा असतो ते जवळून सांगते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर कडक प्लास्टिकचं कवच, आत फोमची मऊ पिशवी, वर वेल्क्रोचे पट्टे, आणि तळ होडीसारखा गोल. तो गोल तळ महत्त्वाचा, त्यामुळे पाऊल न वाकवता पुढे कलंडता येतं आणि मोडलेल्या हाडावर वाक बसत नाही. घालताना बसून घालायचा, आधी टाच मागे टेकेपर्यंत सरकवायची, मग पट्टे बोटांकडून वर वर बांधत यायचं. मी पहिले दोन दिवस टाच पुढे ठेवूनच बांधत होते आणि नखं समोर घासत होती. आत लांब सुती मोजा घालायचा, नाहीतर घामाने कातडी सोलवटते. वेल्क्रोत केस, धागे, धूळ अडकली की पट्टा सुटायला लागतो, जुन्या टूथब्रशने साफ केला की परत चिकटतो. आतली पिशवी धुता येते, पण पावसाळ्यात ती वाळत नाही, मी रात्री पंख्याखाली उलटी करून ठेवायचे आणि सकाळी हेअर ड्रायर मारायचे.

बुटाचा तळ जाड असतो, तो पाय दोन-अडीच सेंटीमीटर उंच होतो आणि चप्पल घालून चाललं की माणूस एका बाजूला कलतो. चौथ्या दिवशी माझी उजवी कंबर धरली. दुसऱ्या पायात जाड तळाचा स्पोर्ट्स शूज घातला आणि दोन दिवसांत कंबर सुटली. एवढी साधी गोष्ट आहे, पण घरात शूज घालून वावरायचं म्हणजे आमच्याकडे प्रश्नच. स्वयंपाकघरात चप्पल जात नाही, देवघर तिथेच. मी बूट ओल्या फडक्याने पुसून दाराशी घुटमळत होते तर सासूबाई म्हणाल्या, "अगं ये आत. तो बूट नाही, पाय आहे तुझा. पायाला कोण बाहेर ठेवतं?" आणि दुसऱ्या पायासाठी त्यांनी माझा नवा न वापरलेला शूज घरातल्यासाठी वेगळा काढून ठेवला. कोकणस्थी कडक शिस्तीच्या बाई आहेत त्या, चाळीस वर्षं त्या ओट्याशी कुणाची चप्पल गेली नाही, म्हणून हे मी विसरणार नाही.

जिन्याचं गणित असं, चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. कठड्याला एक हात, दुसऱ्या हातात काठी. पहिले दहा दिवस मी दिवसातून एकदाही खाली उतरले नाही आणि तेच बरं केलं. बाकी वेळ पाय उशांवर, छातीच्या वर येईल इतका. बूट घालणाऱ्यांकडून हे होत नाही, कारण बूट घालून पाच मिनिटं उभं राहता येतं आणि मग आपण पंचवीस मिनिटं उभे राहतो.

आणि इथे बायकांना एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. प्लास्टर दिसलं की घर आपोआप सावध होतं, पाणी हातात मिळतं, भाचेमंडळी त्यावर चित्रं काढतात, बघायला येणारे फळं घेऊन येतात. बूट दिसला की लोकांना वाटतं हिंडतेय की ही, बरी आहे. आमच्याकडे माणसं चांगली आहेत तरीसुद्धा दुसऱ्या आठवड्यात आई जरा चहा टाक ना सुरू झालं, आणि मीही उठत होते, कारण उठता येत होतं. एका संध्याकाळी चार माणसांच्या पोळ्या उभ्याने लाटल्या आणि रात्री पाय भोपळ्यासारखा सुजला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं की आत हाड मोडलेलंच आहे, सहा आठवडे पोळीवाल्या मावशी येतील आणि चहा ज्याचा त्याने. तुमच्या घरात असं सांगायची सोय नसेल, किंवा तुमचा स्वतःवरच भरवसा नसेल की मी बूट काढून टाकून पळणार नाही, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, त्यावरूनसुद्धा प्लास्टर ठरू शकतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

काढता न येणं हा काही वेळा औषधाचाच भाग असतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४० च्या दशकापासून डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर काम करायचे. त्या पेशंटच्या पायाला दुखणं कळायचंच नाही, जखम असून ते त्यावर चालत राहायचे आणि जखम खोल जायची. पाय प्लास्टरमध्ये बंद केला, त्यांना काढता येईना, भार सगळीकडे सारखा वाटला गेला आणि जखमा भरून आल्या. आज मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला हीच पद्धत वापरतात. तर घरात कुणाला जुना मधुमेह असेल, तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर दुकानातून बूट आणून चढवू नका. आत खडा गेला, शिवण घासली तरी त्यांना कळणार नाही.

माझ्या बाबतीत बूट काढता येण्याचा फायदा मात्र मला रोज मिळाला. आंघोळ स्टुलावर बसून, बूट बाहेर, पाय साबणाने धुतलेला. भावाला प्लास्टरवर काळी पिशवी बांधून, चिकटपट्टी लावून, पाय बादलीवर उंच धरून आंघोळ करावी लागायची. फायबरचं प्लास्टर पाण्याने विरघळत नाही म्हणून लोक भिजवतात, पण आतला कापूस भिजला की तो वाळत नाही, कातडी पांढरी पडते, वास मारतो. आणि खाज आली की आत फूटपट्टी किंवा विणायची सुई घालायची नाही, ओरखडा उठला आणि आत पिकला तर बाहेरून कुणालाच दिसत नाही. भाऊ हेअर ड्रायरची गार हवा सोडायचा. ते चालतं.

प्लास्टर असो की बूट, काही गोष्टींना थांबायचं नसतं. बोटं निळी, गार, बधिर पडली, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, बूट असेल तर पट्टे तिथेच सैल करायचे. पोटरी एका बाजूनेच सुजली, दाबून दुखली, किंवा अचानक धाप लागली तर पायात रक्ताची गाठ झालेली असू शकते, पाय बांधून ठेवला की तो धोका वाढतो. ज्यांना आधी गाठ झालीय किंवा ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगून ठेवावं. आणि पाय मुरगळल्यावर तळव्याच्या मध्यभागी काळंनिळं दिसलं तर एक्स-रे नॉर्मल आला तरी घरी बसू नका, पावलाच्या मधल्या सांध्याची इजा अशी दबा धरून बसते आणि पुढे आयुष्यभर पाय धरते. माझ्या मॅडमनी माझा तळवा आधी का उलटून बघितला ते मला हे कळल्यावर समजलं.

आई कोल्हापूरहून नाचणीचं सत्त्व आणि डिंकाचे लाडू घेऊन आली. नाचणीत कॅल्शियम चांगलंच असतं, ते मी आवडीने खाल्लं. कांडवेलीची भाजीही झाली, तिला हाडसांधी म्हणतात म्हणून. एका नातेवाइकांनी हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून बसवून घ्या म्हटलं, ते मी आईसमोरच नाही म्हणून सांगितलं, सरकलेलं नसलेलं हाड ओढून सरकवायचं कशाला. रक्ताची तपासणी केली तर डी व्हिटॅमिन बरंच कमी निघालं, त्याच्या गोळ्या अजून चालू आहेत. गाडी मी चालवत नाही आणि माझा पाय डावा, पण मॅडमनी सांगून ठेवलं होतं की उजव्या पायात बूट असेल तर गाडी चालवायची नाही, ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.

सहाव्या आठवड्यात एक्स-रे काढला. रेघ दिसत होती. माझे हातपाय गार पडले, भावाच्या एक्स-रेची आठवण झाली. मॅडमनी त्या टेंगळावर अंगठ्याने चांगलं दाबलं, दुखलं नाही, चालायला लावलं, चवड्यांवर उभं राहायला लावलं. म्हणाल्या, या जागची रेघ एक्स-रेत कित्येक महिने दिसत राहते, दाबून दुखत नाही आणि चालता येतंय, आपलं काम झालं, आता बूट हळूहळू सोडा. हळूहळू म्हणजे आधी घरात एक तास शूजवर, मग दोन तास, असं करत दहा दिवसांत. पोटरी उघडी बघितली तर उजवीपेक्षा बोटभर बारीक झाली होती. रुमाल जमिनीवर टाकून बोटांनी गोळा करायचा व्यायाम, भिंतीला धरून टाचा उचलणे, हे महिनाभर केलं.

त्या संध्याकाळी भावाला फोन केला आणि दोन वर्षं घशात अडकलेलं बोलून टाकलं, की मी तुला बूट घे म्हणायला नको होतं, मला काही माहीत नव्हतं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, डॉक्टरनं मला पण सांगितलं होतं की, टेकवू नको म्हणून. तू तिकडनं काय माझा पाय धरून बसणार होतीस व्हय?" आणि मग परवाच्या मॅचचं सांगायला लागला, दुसऱ्या हाफमध्ये वीस मिनिटं खेळवलं म्हणे त्याला.

बूट धुऊन, पिशवीत घालून माळ्यावर ठेवलाय. परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, त्यांच्या मिस्टरांचा पाय मुरगळून सुजलाय, चालवत नाही म्हणाल्या, तो तुमचा बूट द्याल का आठ दिवस, उगाच नवीन कशाला घ्यायचा. मी माळ्यावरून पिशवी काढली नाही. आधी त्यांच्या घरी जाऊन त्यांचा पाय बघितला, तळवा उलटून बघितला, ते टेंगूळ दाबलं तर ते ओरडलेच. मग माझ्या मॅडमचा नंबर दिला, रिक्षा बोलावली आणि वहिनींना सांगितलं की मॅडमना विचारून या, पाय टेकवायचा का नाही, आणि बूट चालेल म्हणाल्या तर आठ दिवस काय, महिनाभर ठेवा.